नदीला बांध घालू, पण पाणी कोणाच्या रानात घालू?



गळिताची गडबड सुरू झाली की आम्हाला बसून चार ओळी लिहायला सवड मिळत नाही. म्हणून त्याआधीच एका विषयावर मोकळेपणाने बोलून घ्यावे असे ठरवले. शेतकी खात्याच्या माणसाने जाती, बेणे, खते आणि लागणीच्या तारखा यांवर लिहावे, नदीच्या कामात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कारखान्याचा निम्मा ऊस नदीच्या ओलीवर वाढतो आणि पुराच्या वर्षी त्याच नदीत बुडतो. तेव्हा नदीचा विषय हा उसाचाच विषय आहे.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नदीकाठच्या सभासदांनी मागणी केली. एकजण उठून म्हणाले, "टनाला पाच रुपये कापून घ्या, शासनाकडं पाठपुरावा करा, काय वाट्टेल ते करा, पण नदीच्या कडंनं बांध घाला. संसार डोक्यावर घेऊन कुठवर पळायचं?" सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल करतो. कारण बोलणाऱ्याचे दु:ख खोटे नव्हते. त्यांच्या गोठ्यातली जनावरे छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढताना आम्ही पाहिले होते.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी पैलतीरावरचे एक वयस्क सभासद आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, टाळ्या मीबी वाजवल्या. पण त्यांचा बांध झाला की त्यांच्या रानातलं पाणी माझ्या दारात येणार. माझा शेअर काय त्यांच्यापेक्षा कमी रकमेचा हाय काय?"

या प्रश्नाला त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे बरेच दिवस तो डोक्यात राहिला. आज जे लिहितो आहोत ते त्याचेच उत्तर समजावे.

आपला पूर कसा येतो?

पूर म्हटला की डोळ्यांसमोर येते ती धो धो वाहणारी नदी. आपल्याकडचा पूर तसा नाही. घाटात पाऊस कोसळतो, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते, आणि ती पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा तिथे येते ती कोयनेचे पाणी आणि सांगलीजवळ हरिपूरला मिळालेल्या वारणेचे पाणी घेऊन. इथून खाली जमिनीला उतार फार थोडा. नदी वळणे घेत सावकाश चालते. कृष्णा तुडुंब भरली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. हा जो फुगवटा, तोच आपला खरा पूर. म्हणून आपल्याकडे पाणी धावत येत नाही, चढत येते, आणि आले की लवकर जात नाही.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५, हे आकडे आता शाळेतली पोरेही सांगतात. २००५ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेले तेव्हा जुनी माणसे म्हणाली, असा पूर पुन्हा बघायला मिळायचा नाही. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्या वर गेले. लगेच २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला. अशा वेळी माणूस बांध मागणार नाही तर काय मागणार?

आणखी एक गोष्ट काठावरच्या सभासदाला सांगायला नको. पाणी पहिल्यांदा नदीच्या थडीवरून येत नाही. ते ओढ्याने उलटे येते. नदी भरली की ओढ्याचे तोंड बंद होते, वरून शिवारातले पाणी येते, खालून नदीचे, आणि रान मागच्या बाजूने बुडते. थडीवरचा ऊस अजून कोरडा असतो आणि गावाजवळचा बुडालेला असतो, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. बांधाचा विचार करताना ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी.

बांध घातला तर काय होईल?

घरातल्या परातीत तांब्याभर पाणी ओता, बोटभरसुद्धा चढत नाही. तेच पाणी तांब्यात गळ्यापर्यंत येते. पाणी तेवढेच, भांडे अरुंद झाले. नदीच्या दोन्ही अंगाला बांध घातले की परातीचा तांब्या होतो. पूर्वी मैलभर पसरणारे पाणी दोन बांधांत उभे राहते, बांधावर जोर देते आणि वरच्या गावांत फुगवटा वाढवते. एकाच अंगाला बांध घातला तर पैलतीराच्या वाट्याला आपल्या वाटचे पाणी जाते. पाणी नाहीसे होण्याची युक्ती अजून कोणा इंजिनिअरला सापडलेली नाही.

आता जागेचा हिशेब करू. बांध १५ फूट उंच, माथा १२ फूट, नदीकडचा उतार एकास तीन आणि शेताकडचा एकास दोन असा धरला, तर त्याचा पाया ८७ फूट होतो. म्हणजे एका किलोमीटरला साडेसहा एकर जमीन नुसती बांधाखाली जाते. दोन्ही काठांना तेरा एकर. ही जमीन कोणाची? नदीकाठच्या सभासदाचीच, आणि तीही मळीची, सगळ्यांत कसदार. शिवाय बांधाला माती लागते ती वेगळीच. ती कुठून उचलायची? आसपासच्या रानातूनच.

तीही माती काळी. काळ्या मातीचा गुण आपण जाणतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि घसरते. घुशी आणि खेकडे बिळे पाडणार ते वेगळेच. असा बांध दरवर्षी राखावा लागतो. शेताच्या चार फुटी बांधाची डागडुजी आपण वेळेवर करत नाही. बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी वेळेवर काढले जावेत म्हणून दर मे महिन्यात हेलपाटे घालावे लागतात. मग नदीकाठचे कित्येक किलोमीटरचे बांध वर्षानुवर्षे कोण राखणार?

आणि ओढ्याचे काय? प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी बांधात दरवाजा ठेवावा लागेल. पूर आला की तो बंद करायचा, नाहीतर नदी आत शिरेल. पण दरवाजा बंद झाल्यावर आतल्या शिवारात पडणारा पाऊस कुठे जाणार? तो बांधाच्या आत तुंबणार. नदी उतरली तरी बांधामुळे ते पाणी चटकन निघणार नाही. तुंबलेल्या पाण्याने ऊस कसा जातो हे आम्ही पुढे सांगतो.

बिहारचा धडा

बांधांचा आपल्या देशातला एक मोठा अनुभव बिहारचा आहे. १९५४ ला तिथे नद्यांवर सुमारे १६० किलोमीटर बांध होते आणि पुराचा धोका असलेली जमीन २५ लाख हेक्टर धरली जात होती. पुढच्या काळात बांधांची लांबी ३,००० किलोमीटरच्या पुढे गेली. पुराची जमीन कमी व्हायला हवी होती. ती वाढून ६८ लाख हेक्टरांवर गेली. कोसी नदीच्या दोन बांधांच्या मध्ये तीनशेहून अधिक गावे अडकली. बाहेरच्यांना वाचवण्यासाठी बांध घातले आणि आतले दरवर्षी पाण्यात राहिले.

१८ ऑगस्ट २००८ ला नेपाळातल्या कुसहा येथे कोसीचा बांध फुटला. तो बांध साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी बांधलेला होता. फुटला त्या दिवशी नदीत दीड लाख क्युसेकसुद्धा पाणी नव्हते. नदी नव्या वाटेने गेली आणि बिहारमध्ये तीस लाखांहून अधिक लोक उघड्यावर आले. पुष्कळांच्या गावात त्यापूर्वी कित्येक वर्षे पूर आला नव्हता. बांधाच्या भरवशावर ते निर्धास्त होते. साधा पूर चढत येतो, माणसाला गुरे सोडायला वेळ देतो. फुटलेला बांध तेवढाही वेळ देत नाही.

कोसी हिमालयातून जेवढा गाळ आणते तेवढा आपली कृष्णा आणत नाही, हे खरे आहे. तेव्हा बिहारचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये. पण अरुंद पात्र, तुंबलेले ओढे आणि डागडुजीची हेळसांड या तिन्ही गोष्टी आपल्याकडेही आहेत.

परदेशात पाहायचे तर हॉलंडचे पाहावे. बांधांवर जगणारा तो देश. १९९५ च्या पुरात बांध फुटतील या भीतीने तिथे अडीच लाख माणसे हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध नुसते उंच करत राहण्याचे सोडले आणि काही ठिकाणी ते मागे सरकवून नदीला जागा करून दिली. पिढ्यान् पिढ्या बांध घालणाऱ्यांनी हे केले, हे आपण विचारात घ्यावे.

अलमट्टीचे काय?

हा प्रश्न येणारच. अलमट्टीची पाणीपातळी सध्या ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. हा लढा शासनाने नेटाने लढवावा, आपला पाठिंबा आहेच. मात्र २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने २०२० च्या आपल्या अहवालात नदीच्या पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवले आहे. अलमट्टी परक्या हातात आहे. अतिक्रमण मात्र आपल्या हातचे आहे.

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्या गटांत फिरताना आम्हाला असे ओढे दिसतात, जे आमच्या नोकरीच्या सुरुवातीला वीस-पंचवीस फूट रुंद होते आणि आज दोन सऱ्यांएवढे उरले आहेत. दोन्ही अंगांनी एकेक सरी वाढवत आपणच ते खाल्ले. काही ठिकाणी तर ओढ्यातच लागण आहे, आणि त्या उसाची नोंद आमच्याच खात्याने करून घेतली आहे. त्याचा दोष आमचाही आहे.

कारखानाही यातून सुटत नाही. उसाच्या गाड्या पावसाळ्यानंतर लवकर सुरू व्हाव्यात म्हणून आपण नदीकाठच्या गटांतले रस्ते भराव टाकून उंच केले. गाड्यांची सोय झाली. पण भरावाखाली पाण्याला वाट म्हणून फूट-दोन फुटांच्या नळ्या टाकल्या, आणि त्या पाल्यापाचोळ्याने बुजल्या. २०१९ ला एका रस्त्याच्या वरच्या अंगाला पाणी उतरायला खालच्या अंगापेक्षा चार दिवस जास्त लागले. आम्ही तिथे उभे होतो. तो रस्ता म्हणजे न सांगता घातलेला बांधच होता.

पाणी किती दिवस राहते, यावर सारे आहे

बुडालेल्या उसाचे गणित सोपे आहे. शेंडा पाण्याच्या वर राहिला तर ऊस बहुधा वाचतो. शेंडा बुडाला पण दोन-तीन दिवसांत उघडा पडला, तरी आशा असते. त्यापुढे दिवस वाढत गेले की पोंग्यात गाळ बसतो, शेंडा कुजतो, कांड्यांना मुळ्या फुटतात, डोळे फुटून पांगशा निघतात, वजन आणि साखर उतारा दोन्ही घटतात. म्हणजे पाणी किती फूट चढले याइतकेच ते किती दिवस राहिले याला महत्त्व आहे. एक-दोन दिवस आधी पाणी निघाले तर कित्येक एकर ऊस हाती लागतो. नदीचा पूर थांबवणे आपल्या हातात नाही. पाणी लवकर काढून देणे पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे.

म्हणून आमचे मत असे आहे. शेतीच्या रक्षणासाठी नदीकाठाने सलग बांध घालण्याची मागणी आपण करू नये. जिथे माणसे राहतात त्या गावठाणाची गोष्ट वेगळी. तिथे गावाभोवती संरक्षक बांध किंवा भिंत योग्य ठरू शकते. मात्र त्यामुळे समोरच्या आणि वरच्या गावांत पाणी किती चढेल याचा हिशेब आधी मांडून त्या गावांनाही दाखवावा. घर बुडू नये आणि रानातले पाणी लवकर निघावे, हे आपले धोरण असावे. त्यासाठी पुढील गोष्टी सुचवतो.

पहिली, ओढे मोकळे करणे. मोजणी करून ओढ्याची मूळ हद्द ठरवावी. ओढ्यातल्या लागणीची नोंद यापुढे आमच्या खात्याने घेऊ नये. हे करताना काही सभासद आमच्यावर नाराज होतील, त्याची तयारी आम्ही ठेवली आहे.

दुसरी, कारखान्याने आपल्या भरावाच्या रस्त्यांत मोठ्या मोऱ्या घालाव्यात. आधी आपण करावे, मग इतर रस्त्यांच्या आणि पुलांच्या भरावात कमानी ठेवा असे शासनाला सांगावे. स्वत:चा भराव तसाच ठेवून दुसऱ्याला सांगायला गेलो तर कोण ऐकेल?

तिसरी, पीक नियोजन. पूरपट्ट्यात जुलै-ऑगस्टची आडसाली लागण टाळावी. वीतभर कोंभ दोन दिवसांच्या पाण्यात जातात आणि बेणे, खत, मजुरी सगळे वाया जाते. पाणी ओसरून वापसा आल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण केली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ऊस उंच झालेला असतो. २०१९ सारख्या महापुरात उंच ऊसही बुडतो, हे आम्ही नाकारत नाही. पण दर वर्षी २०१९ नसते. नेहमीच्या पुरात हा फरक टिकतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. बुडालेल्या उसाला पहिली तोड मिळाली पाहिजे. शेंडा मेलेला ऊस रानात जितका जास्त उभा राहील तितके वजन घटते. पण आपला तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेने चालतो. नदीकाठच्या उसाला आधी टोळ्या दिल्या की माळावरच्या सभासदाची तोड पंधरा-वीस दिवस मागे जाते, त्याचा खोडवा उशिरा धरला जातो आणि तो आमच्या नावाने बोटे मोडतो. त्याचीही चूक नाही. त्याला त्या वर्षी झळ सोसावी लागते. पण मग सहकार कशाला म्हणतात? टनाला पाच रुपये बांधासाठी द्यायची तयारी सभेने टाळ्या वाजवून दाखवलीच आहे. तेच पैसे पूरनिधी म्हणून बाजूला ठेवावेत. त्यातून ज्याची लागण बुडाली त्याला रोपे द्यावीत, ज्याची तोड मागे गेली त्यालाही काही भरपाई द्यावी आणि ओढ्यांची कामे करावीत. म्हणजे नदीने केलेले नुकसान एकट्या काठावरच्याच्या अंगावर पडणार नाही.

चहाच्या टेबलापाशी आम्हाला अडवणाऱ्या त्या सभासदाला आम्ही आता सांगू शकतो, "तात्या, तुमचा शेअर कमी रकमेचा नाही. म्हणून तुमच्या दारात पाणी लोटणारा बांध आम्ही मागणार नाही. पण ऐलतीरावरचा ऊस बुडाला की त्याची तोड तुमच्या आधी लागेल, तेव्हा तुम्ही आमच्यावर रागवायचं नाही." ते काय म्हणतील ते पाहू.

आमचे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. शेवटचा निर्णय सभेचा. मात्र बांधाचा ठराव पुन्हा मांडायचा असेल तर त्यात अडवलेले पाणी कुठे जाणार, ही एक ओळ अवश्य लिहावी, आणि ज्या गावाच्या अंगावर ते जाणार त्या गावाच्या सभासदाची सही खाली घ्यावी.

तोवर एक काम सर्वांनी करावे. प्रत्येक गट ऑफिसात आम्ही एक नोंदवही ठेवत आहोत. २००५, २०१९ आणि २०२१ ला आपल्या रानात पाणी कुठवर आले, कोणत्या ओढ्याने आधी शिरले, किती दिवस राहिले, कोणती जात तगली आणि कोणती गेली, हे आठवून त्यात लिहावे. लिहिता येत नसेल त्यांनी चिटबॉयला सांगावे, तो लिहून घेईल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारावे, त्यांच्या खुणा पक्क्या असतात. गळीत संपल्यावर गटसभांतून या नोंदी वाचून दाखवू आणि मग सगळे मिळून ठरवू.

आपला,
ऊस विकास अधिकारी